गाडीत गॅस नको

१६ नोव्हेंबर, रविवार

गाडी आली. शेगडी नाही.

रिटायर झाल्यापासून ह्यांच्या डोक्यात एकच खूळ आहे. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, आत घर करायचं आणि दोघांनी थेट कन्याकुमारी गाठायची. मी जन्मभर पोस्टाच्या काउंटरवर बसले आहे. डोक्यात खूळ शिरलेल्या माणसाशी वाद घालू नये, एवढं मला कळतं. मी हो म्हटलं आणि दोनच अटी घातल्या. आत संडास पाहिजे आणि गॅसची शेगडी पाहिजे. बाहेरचं खाल्लं की माझं पोट बिघडतं. दोन वेळा गरम जेवण लागतं मला, आणि तेही माझ्या हातचं, जाळावरचं.

संडास आहे. बेड आहेत, घडीचं टेबल आहे, पडद्यांना झालरसुद्धा आहे. आणि ओट्यावर शेगडीच्या जागी काळी काच. इंडक्शन म्हणे.

तळेगाव स्टेशनजवळच्या आरिफच्या गॅरेजमध्ये सगळं काम झालं. गाडी घेऊन आला तसा त्याला तिथल्या तिथे धरला. बिचारा कान खाजवत म्हणाला, "काकी, मी सिलिंडरची जागा केली होती. पाइपपण टाकला होता. काकांनीच परत काढायला लावला."

"का?"

"ते त्यांनाच विचारा ना."

विचारलं. "गाडीत गॅस नको," एवढं म्हणाले आणि टायर बघायला निघून गेले. टायर कोरे करकरीत आहेत, त्यांत बघण्यासारखं काही नव्हतं.

एक जानेवारीला निघायचं ठरलंय. शेगडी असल्याशिवाय मी त्या गाडीत पाऊल टाकणार नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझा शब्द मलाच फिरवता येणार नाही.


१८ नोव्हेंबर, मंगळवार

सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वयंपाकाची तालीम झाली. माझी जर्मनची पातेली त्या काचेला चालत नाहीत. पितळी चालत नाही. स्टीलचा कुकर चालला, पण शिट्टी व्हायच्या आत इन्व्हर्टर कोकलायला लागला. भाकरी तव्यावर भाजली, पण फुगवायला जाळ कुठून आणू? पापुद्रा धरलाच नाही. चामड्याचा तुकडा चावावा तशी चावत बसले.

आणि हे म्हणतात काय? "झकास."

हे झकास प्रकरण एकदा लिहूनच टाकते. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसल्या जागेवरून ओरडायचे, "फोडणी जळली गं! हिंग जास्त झाला! दूध खाली लागतंय बघ!" जेवायला बसले की नाकानं कांदे सोलायचे. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तापानं पडले, त्यातून उठले आणि माणूसच बदलला. काय वाढेन ते झकास. करपलं तरी झकास, अळणी असलं तर गुपचूप वरून मीठ घ्यायचं आणि झकास.

कोमलला वाटतं बाबा सुधारले. लेकीला बाप नेहमीच गोड. मला माहीत आहे हे कशासाठी चाललंय. गाडी घ्यायची होती ना? अडला हरी गाढवाचे पाय धरी. वर्षभर मला गोड बोलून घोळात घेतलं आणि काम झाल्यावर शेगडी काढली.


२३ नोव्हेंबर, रविवार

लोणावळ्याला जायची बुद्धी रविवारीच सुचली. अर्धी मुंबई आमच्या पुढे आणि उरलेली मागे. दरीकडच्या रस्त्याला कशीबशी जागा मिळाली. भाताचा विजेचा कुकर लावला. भात अर्धा शिजला आणि बॅटरी बसली. खाली पाणी, वर कच्चे दाणे. शेजारच्या टपरीवर कणसं भाजत होते. तो जाळ बघून मला रडू यायचं बाकी होतं.

काल रात्रीची कोबीची भाजी डब्यात होती. मी टपरीवरून पाणी आणायला गेले, तेवढ्यात ह्यांनी पावाबरोबर ती निम्मी संपवली. "झकास झालीय," म्हणाले. मी डबा नाकाशी नेला आणि ओकारीच आली. अख्खा दिवस बंद गाडीत तापून भाजी वास मारत होती.

"अहो, ही खाल्ली तुम्ही?"

"बरी होती की."

मी डबा तिथेच कचऱ्याच्या पिंपात रिकामा केला. माझ्या हातचं अन्न आणि कचरा ह्यांत ह्या माणसाला फरक दिसत नसेल, तर मी कन्याकुमारीपर्यंत कशाला रांधत जाऊ?

रात्री ह्यांचं पोट बिघडलं. ओवा दिला. दया आली नाही.


२७ नोव्हेंबर, गुरुवार

गाडीचा पहिला नारळ एकवीरेला फोडायचा म्हणून कार्ल्याला गेलो. आज मी माझी अक्कल चालवली. सासूबाई लावणीच्या दिवसांत भाताचा टोप गोधडीत गुंडाळून शेतावर न्यायच्या. मीही घरच्या गॅसवर खिचडीला एक सणसणीत उकळी दिली, टोप गोधडीत बांधला आणि खोक्यात घट्ट बसवला. गडाच्या पायथ्याशी उघडला तर दाणा न दाणा शिजलेला आणि हात लावू देईना इतका गरम.

एवढं जमलं त्याचं कौतुक राहिलं बाजूला. मी झाकण काढलं तर हे टोपाकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत उभे. मला हसू आलं होतं, ते बघितलं आणि मग म्हणाले, "झकास." अजून एक चमचा तोंडात गेला नव्हता!

घरचा गॅस असेल तोवर गोधडी ठीक. पुढे केरळात उकळी कोण देणार, एकवीरा?


३० नोव्हेंबर, रविवार

आज ह्यांनी माझं नाक कापलं.

आंदर मावळात गेणू भावजींकडे गेलो होतो. गेणू भावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, वडिलांची भातखाचरं तेच बघतात. इंद्रायणीचा नवा तांदूळ गिरणीतून आला होता. आमच्या सासरी एक रीत आहे. नवा तांदूळ आला की घरातल्या थोरल्यानं तो ओंजळीत घ्यायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि वास घ्यायचा. तो सांगेल तसं पुढे करायचं. आधी मामंजी घ्यायचे, त्यांच्यामागे हे. ह्या बाबतीत ह्यांचा शब्द शेवटचा. कुठल्या खाचरातलं भात ते वासावरून सांगतात म्हणून आजूबाजूच्या गावांतनंही लोक मूठ-मूठ तांदूळ घेऊन येतात.

ह्या वर्षी दोन ढीग होते. एक चांगला. दुसरा कापणीनंतर पावसात भिजलेल्या भाताचा. मी अंगणात हिराशी, माझ्या जावेशी, बोलत बसले होते. ओटीकडे माझी पाठ होती, सगळं ऐकू मात्र येत होतं.

"दादा, ह्यो भिजल्याला. वायला ठिवू का मिसळू, तूच सांग," गेणू भावजी म्हणाले.

थोडा वेळ शांतता. मग ह्यांचा आवाज. "दोन्ही एक नंबर. मिसळ."

हिरानं माझ्याकडे बघितलं. मी हिराकडे. वारा ओटीवरून अंगणात येत होता आणि त्या ढिगाचा कुबट वास आम्हाला बसल्या जागी येत होता.

"आक्का, भाऊजींस्नी सर्दी झालीय का वो?"

"सर्दी कसली," मी म्हटलं, "गोड बोलायचा रोग झालाय त्यांना."

गाडीत बसल्यावर मी सोडलं नाही. म्हटलं, भावाला बरं वाटावं म्हणून खोटं बोललात. बायकोशी खोटं, भावाशी खोटं, आता काय देवाशी बोलणार? ह्यांनी हात स्टिअरिंगवर इतके आवळले होते की बोटांची पेरं पांढरी झाली होती. राग आला असणार. येऊ दे.


३ डिसेंबर, बुधवार

गेणू भावजींचा फोन. "वैनी, पुन्याची गिऱ्हाईकं तांदूळ माघारी घिऊन आली. कुबाट मारतोय म्हणत्यात. दादा मिसळ म्हणला म्हून तर मिसळला मी. न्हाईतर मला काय याड लागलंय?"

चांगला तांदूळही गेला. वर्षाचा कष्टाचा तांदूळ, आणि वर्षानुवर्षं दारात येणारी माणसं. फोन ठेवून मी ह्यांच्या अंगावर ओरडले ते खालच्या वॉचमनलाही ऐकू गेलं असेल. हे खुर्चीत बसून होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चूक माझीच आहे." मग गाडीची किल्ली घेतली आणि निघाले.

संध्याकाळी आले. गाडीच्या बेडवर, माझ्या झालरीच्या पडद्यांखाली, त्या तांदळाची पोती रचलेली. "हा आपण खायचा," म्हणाले.

आपण! चूक ह्यांची आणि कुबट भात मी खायचा. ह्यांचं काय जातंय? हे दोनदा भात मागून घेतात आणि झकास म्हणतात. मी ताटावर बसले की घास घशाखाली उतरत नाही.


८ डिसेंबर, सोमवार

पुष्कळ ऐकून घेतलं. आता ऐकावं जनाचं, करावं मनाचं.

हे बँकेत गेले तेवढ्यात आरिफला गाडी नेऊन शेगडी बसवायला सांगितली. तो का-कू करत होता. "काकांनी मला शपथ घातलीय काकी."

"मग मी पण घालते. कुणाची मोडायची ते तू ठरव."

संध्याकाळपर्यंत शेगडी बसली. खाली छोटा सिलिंडर. मी गाडीतच बसून भाकरी केली. जाळावर धरली तशी टम्म फुगली. हे दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं आता भांडतील. मी तयारीतच होते. म्हटलं, "शेगडी गेली की मी पण गेले. कन्याकुमारीला एकटे जा."

भांडले नाहीत. "खिडक्या उघड्या ठेवत जा," एवढंच म्हणाले. आणि तेव्हापासून उठता-बसता ती कळ हातानं चाचपून बघतात. मी बंद केली की हे बघणार. जेवण झालं की बघणार. झोपलेले उठून बघून आले. मी काय दुधखुळी आहे? चार दशकं गॅस वापरतेय. असा अपमान माझा कुणी केला नव्हता.


११ डिसेंबर, गुरुवार

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

पवनेच्या काठी ओळखीच्यांच्या शेतात काल मुक्काम केला. सकाळी थंडी मरणाची, म्हणून दार लोटून घेतलं होतं. खिडक्याही बंद. शेगडीवर दूध ठेवलं आणि ह्यांना म्हटलं, "बघा जरा, मी हापशावरून पाणी आणते." हे हो म्हणाले. मोबाइलवर भक्तिगीतं मोठ्यानं लावली होती.

परत येताना गाडी दहा-बारा पावलांवर असतानाच वास आला. कळशी टाकली आणि पळाले. दार उघडलं. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, कळ पूर्ण उघडी, आत श्वास घेववत नव्हता. आणि हे शेगडीकडे पाठ करून पुढे एकवीरेच्या फोटोसमोर उभे. एका हातात उदबत्ती. दुसऱ्या हातात काडेपेटी. काडी बाहेर काढलेली.

मी काय ओरडले आठवत नाही. काडेपेटी हिसकावून शेतात भिरकावली, कळ बंद केली आणि ह्यांना दंडाला धरून असं ओढलं की हे ढेकळांत गुडघ्यांवर पडले.

"नाक आहे का नुसती भोकं आहेत?" मी ओरडले.

हे उठलेच नाहीत. तिथेच बांधावर बसले.

"भोकंच आहेत, राजेश्वरी," म्हणाले. "तापातनं उठलो तेव्हापासून वास येतच नाही. कसलाच."

मी उभीच राहिले. ते जमिनीकडे बघून बोलत होते. डॉक्टरला दाखवलं होतं, एकट्यानं जाऊन. येईल म्हणाले, नाही म्हणाले, सांगता येत नाही म्हणाले. खारट, गोड, आंबट, तिखट एवढं जिभेला कळतं. बाकी भात आणि कापूस एकच.

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? गावात चार माणसं मला विचारतात ती ह्या नाकासाठी. आणि तुला काय सांगू? तुझ्या हातची चव गेली म्हणून?"

"आणि गॅस?"

"तू झोपेत असलीस आणि सुटला, तर मला कळणार नाही. मी शेजारी जागा असून कळणार नाही."

"मग मी शेगडी बसवली तेव्हा तोंड उघडायचं होतं!"

"तू फार चिडली होतीस."

मला वाटलं आता मला रडू येईल. नाही आलं. राग आला, आयुष्यात कधी आला नव्हता एवढा. वर्षभर एका ताटात जेवलो आणि ह्या माणसानं मला कळू दिलं नाही. मी मसाला भाजताना खिडकी उघडून ठेवायचे, ह्यांना ठसका लागू नये म्हणून. ह्यांना ठसका लागायचा आणि वास नाही! मी विचारायचे कसं झालंय, हे झकास म्हणायचे, मी मनात शिव्या द्यायचे. आणि काडी ओढली असती तर मी पाण्याची कळशी घेऊन कुणापुढे उभी राहिले असते?

सिलिंडर मी स्वतः उचलून बाहेर बांधावर ठेवला. दुधाचं पातेलं घासलं. ह्यांच्याशी बोलले नाही.


१३ डिसेंबर, शनिवार

अजून बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते.

आज दुपारी वांग्याची भाजी वाढली आणि सहज वर बघितलं. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. घास हातात, नजर माझ्यावर. मी पहिला घास खाल्ला, तेव्हा ह्यांनी खाल्ला.

मग डोक्यात एकेक गोष्ट उलगडत गेली. कार्ल्याला टोप उघडला तेव्हाही हे माझ्याकडेच बघत होते. कोबी खाल्ला तेव्हा मी पाणी आणायला गेले होते. आणि गेणू भावजींच्या ओटीवर ओंजळ नाकाशी धरून हे गप्प उभे असणार, तेव्हा अंगणात मी पाठ करून बसले होते. मी नुसती वळले असते, तर तांदूळ वाचला असता.

वर्षभर हा माणूस माझं तोंड बघून जेवला. बरं, माझं तोंड वर्षभर वाकडंच होतं. तरी झकास कशावरून म्हणत होता, देव जाणे.

ताट अर्धं टाकून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. मला ह्यांचा राग येतो. त्या तापाचा येतो. माझाही येतो, पण तो आज नाही, तो नंतर बघू.


१६ डिसेंबर, मंगळवार

आरिफला बोलावलं. त्याला काहीएक न सांगता म्हटलं, आतली शेगडी काढ. मागच्या दाराला बाहेरच्या बाजूनं घडीची फळी बसव. शेगडी त्या फळीवर, सिलिंडर खाली जमिनीवर. सगळा जाळ गाडीच्या बाहेर. पाऊस आला तर गोधडी आहेच, आणि तेही नाही जमलं तर ती काळी काच. शिवाय आत गॅस साचला की बोंबलणारं यंत्र लाव, खूप मोठ्यानं बोंबलणारं.

"हे काकांना चालेल?"

"त्यांना विचारून काय करायचंय?" मी म्हटलं. हे पलीकडे उभे होते. खूप दिवसांनी हसले. मी हसले नाही.


२१ डिसेंबर, रविवार

गावाला गेलो. मी ह्यांना रस्त्यात एवढंच बजावलं होतं की भावाला तुमच्या तोंडानं सांगायचं, मी मध्ये पडणार नाही. ओटीवर बसल्या बसल्या ह्यांनी सांगितलं. सरळ, आढेवेढे न घेता. गेणू भावजी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले.

"आदी सांगायचं व्हतंस दादा," शेवटी म्हणाले. "मी काय तुला गावात ओरडून सांगनार व्हतो? लय वंगाळ केलंस."

"व्हय," हे म्हणाले. गावात आले की ह्यांची भाषा बदलते.

हिरा दारातून म्हणाली, "मला तर बसल्या जागंला वास आलता. आक्कास्नीबी आलता. पर बायांना इचारतंय कोन?"

मग ह्यांनीच उठून, भरडायचा राहिलेल्या चांगल्या भाताचा जो थोडा नवा तांदूळ कालच गिरणीतून आला होता, त्याची ओंजळ भरली आणि हिराच्या हातात दिली. ती बावरली. पदर सावरून तिनं तोंडाची वाफ सोडली आणि नाक खुपसलं. "वड्याकडच्या खाचराचा हाय," म्हणाली. गेणू भावजींनी मान डोलावली. आम्ही परत आणलेली कुबट पोती त्यांनी कोंबड्यांसाठी गाडीतून उतरवून घेतली. राग त्यांचा गेलेला नाही. माझाही गेलेला नाही.

अंगणात गाडी लावून फळी उघडली आणि तोच तांदूळ शिजायला घातला. झाकण काढलं तसा तो वास सगळ्या अंगणात पसरला. हे शेजारी उभे, नजर माझ्या तोंडाकडे. मी मुद्दाम तोंड दगडासारखं केलं. म्हटलं, बस आता.

"कसा येतोय?" ह्यांनी विचारलं. वर्षात पहिल्यांदा विचारलं.

मी सांगायला गेले आणि शब्दच सापडेनात. इतकी वर्षं हेच सांगायचे, मी कधी सांगितलंच नव्हतं. शेवटी म्हटलं, "आपलं लग्न होऊन मी ह्या दारात आले ना, त्या दिवशी घरात येत होता, तसा." हे मान खाली घालून उभे राहिले.

मग सगळे जेवायला बसलो. भात, आमटी, जाळावर फुगवलेली भाकरी. एक तारखेला निघायचं की नाही, ह्यावर मी अजून बोलले नव्हते. ह्यांनी आमटीभात कालवला, एक घास घेतला. मी झकासची वाट बघत होते, आणि म्हणाले असते तर ताट ओढून घ्यायची तयारी होती.

"आमटीत मीठ कमी आहे," हे म्हणाले.

एवढ्या माणसांत, माझ्या धाकट्या जावेसमोर! "मग घ्या वरून," मी म्हटलं आणि मिठाची वाटी ह्यांच्यापुढे आपटली. "एक तारखेपासून रोज असंच ऐकवणार असाल, तर मीठ तुम्हीच घालत जा."

मग मी स्वतः आमटी चाखली. मीठ खरंच कमी होतं.